उत्सवातील चॉकलेटचा स्टॉल : पुण्यातील एका लहान उत्पादकाचे वर्ष

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम उपनगरात कोकोच्या बियांपासून चॉकलेट तयार करणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. गणेशोत्सव 2024 ते गणेशोत्सव 2025 या काळात या कुटुंबाने सार्वजनिक उत्सव, सोसायटीचा आनंदमेळा, दिवाळीपूर्व प्रदर्शन, डिसेंबरातील जत्रा आणि संक्रांतीचे हळदीकुंकू अशा निरनिराळ्या ठिकाणी आपला माल नेला. काही ठिकाणी नुकसान झाले, काही ठिकाणी अपेक्षेपेक्षा बरे घडले, आणि दोन्हींची कारणे सुरुवातीला वाटत होती त्याहून वेगळी निघाली. ओळख पटू नये म्हणून कुटुंब, मंडळ, सोसायटी आणि प्रदर्शने यांची नावे दिलेली नाहीत. उद्योग चालवणाऱ्या बाईंचा उल्लेख ‘वहिनी’ असा आणि विक्री सांभाळणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिरांचा ‘भावजी’ असा केला आहे. कामाच्या जागीही ते एकमेकांना याच नावांनी हाक मारतात.

पार्श्वभूमी

वहिनींचे काम एका भाड्याच्या वातानुकूलित खोलीत चालते. केरळमधील इडुक्कीच्या शेतकऱ्यांकडून आंबवून वाळवलेल्या कोकोच्या बिया येतात. त्या निवडणे, भाजणे, फोडणे, टरफले पाखडून काढणे आणि उरलेल्या तुकड्यांचे साखरेबरोबर दगडी ग्राइंडरमध्ये सलग दोन-तीन दिवस दळण करणे, अशी ही प्रक्रिया आहे. हा ग्राइंडर म्हणजे इडली-डोशाचे पीठ वाटणाऱ्या कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरचेच सुधारलेले रूप. जगभरातल्या अनेक लहान चॉकलेट उत्पादकांनी याच धाटणीच्या यंत्रांवर आपले काम उभे केले आहे, ही गोष्ट वहिनी प्रत्येक नव्या ग्राहकाला आवर्जून सांगतात.

दळण झाल्यावर टेंपरिंग येते. डार्क चॉकलेट साधारण 45 ते 50 अंश सेल्सिअसपर्यंत वितळवायचे, 27-28 अंशांपर्यंत खाली आणायचे आणि पुन्हा 31-32 अंशांवर नेऊन साच्यात ओतायचे. यामुळे कोको बटरचे स्फटिक स्थिर रूपात जमतात, बारला चकाकी येते, तो मोडताना टक् असा आवाज होतो आणि थंड होताना किंचित आकसल्यामुळे साच्यातून सहज सुटतो. या स्थिर स्फटिकांचा वितळणबिंदू 33-34 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानापेक्षा थोडाच खाली असतो. तोंडात ठेवताच चॉकलेट विरघळते ते याच गुणामुळे, आणि पुण्याच्या उघड्या मांडवात ते टिकत नाही तेही याच गुणामुळे.

अशा मालाची किंमत कमी ठेवता येत नाही. त्यातच 2024 हे वर्ष कोकोच्या भावाच्या दृष्टीने विलक्षण ठरले. आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांतील पीक हवामान आणि रोगामुळे घटले. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात मार्चमध्ये भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला आणि डिसेंबरात तो 12,000 डॉलरही ओलांडून गेला. केरळमधील सुक्या बियांचा भावही त्या उन्हाळ्यात किलोला हजार रुपयांच्या पुढे गेला. वहिनींना 50 ग्रॅमच्या बारची किंमत 220 रुपयांपर्यंत न्यावी लागली. ठरलेले ग्राहक टिकले, पण नवे ग्राहक जोडणे अवघड झाले. म्हणून उत्सवांकडे वळण्याचा निर्णय झाला.

अडचण

भावजींचा विचार सरळ होता. पुण्यात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत रस्ते माणसांनी फुललेले असतात, त्यामुळे जिथे गर्दी तिथे स्टॉल लावावा. शंभरातल्या दोघांनी घेतले तरी पुरे. वहिनींची शंका मालाविषयी होती. मांडवातल्या हॅलोजनच्या उष्णतेत बार टिकतील का आणि पावसाळी दमट हवेत त्यांचे काय होईल, हे त्यांनी आधीच विचारले होते. त्यावर एक व्हिझी कूलर, म्हणजे दुकानांत असतो तसा काचेच्या दाराचा फ्रिज, भाड्याने घ्यायचे ठरले आणि मंडळाजवळच्या मुख्य रस्त्यावरील जागेसाठी दहा दिवसांचे भाडे आगाऊ भरले गेले.

या टप्प्यावर एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता : त्या रस्त्याने जाणारा माणूस तिथे कशासाठी आलेला असतो? पुढच्या बहुतेक घडामोडी या न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून त्याची इथेच नोंद करून ठेवतो.

मंडळाची मागणी

उत्सवाच्या तीन आठवडे आधी त्याच मंडळाच्या कार्यकर्त्यांनी भावजींना गाठले. अथर्वशीर्ष पठणाला येणाऱ्या मुलांना आणि आरतीच्या मानकऱ्यांना देण्यासाठी त्यांना हजाराहून अधिक चॉकलेट मोदक हवे होते. मोदकामागे त्यांनी सांगितलेला दर खऱ्या चॉकलेटच्या कच्च्या मालालाही पुरणारा नव्हता. तो दर त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. बाजारात कंपाउंडचे मोदक त्याच भावाने मिळतात. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी स्वस्त वनस्पती स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याला टेंपरिंग लागत नाही, ते उन्हात अधिक तग धरते आणि साच्यातून पटापट निघते.

यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. पर्याय पुढीलप्रमाणे मांडले गेले.

पहिला पर्याय कंपाउंडचे मोदक स्वतःच्या नावाने देण्याचा होता. तो वहिनींनी लगेच बाजूला ठेवला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरव्यतिरिक्त इतर वनस्पती स्निग्धांश 5 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि जो असेल तो वेष्टनावर सांगावा लागतो. कंपाउंडला नुसते ‘चॉकलेट’ म्हणून विकणे म्हणजे ज्या फरकासाठी आपण बारचे 220 रुपये मागतो तो फरक आपणच पुसून टाकणे होय.

दुसरा पर्याय भावजींचा : कंपाउंडचेच मोदक करावेत, पण त्यावर आपले नाव नको. मंडळाला माल मिळेल, हातात रोख येईल आणि त्यातून स्टॉलचे भाडे निघेल. हा पर्याय कमी प्रतीचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. लहान उद्योगात रोख रक्कम ही श्वासासारखी असते, आणि मंडळाला कंपाउंड हे कंपाउंड म्हणूनच सांगून दिले असते तर त्यात फसवणूक नव्हती. अडचण अशी होती की मोदक कोणी केले हे उपनगरात लपून राहिले नसते, आणि दगडी ग्राइंडर असलेल्या खोलीत दोन प्रकारचे स्निग्धांश ठेवणे वहिनींना मान्य नव्हते. भांड्यात राहिलेला कंपाउंडचा स्निग्धांश कोको बटरमध्ये मिसळला तर टेंपरिंग बिघडते, ही त्यांची हरकत तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती.

तिसरा पर्याय खरे चॉकलेट तोट्यात देऊन तो जाहिरातीचा खर्च समजण्याचा. चौथा खव्यात कोको घालून पेढ्यासारखे मोदक वळण्याचा. मिठाईच्या दुकानांत ‘चॉकलेट मोदक’ म्हणून पुष्कळदा हेच मिळतात. पण खवा लवकर खराब होतो, त्याचे काम निराळे, आणि लहान मुलांना वाटायच्या हजार मोदकांत पहिल्यांदाच हात घालणे धोक्याचे होते.

पाचवा पर्याय वहिनींनी सुचवला : मोठी मागणी नम्रपणे नाकारायची आणि त्याऐवजी बाप्पाच्या नैवेद्यासाठी एकवीस मोदक खऱ्या चॉकलेटचे, आपल्याकडून द्यायचे. स्पर्धांच्या बक्षिसांसाठी लहान बार हवे असतील तर ते रास्त दराने द्यायचे.

“वहिनी, हजाराची ऑर्डर सोडून एकवीस फुकट द्यायचे, हा कुठला धंदा?” असे भावजींनी विचारले. वहिनींनी त्यावर दर कागदावर मांडून दाखवला आणि निर्णय पाचव्या पर्यायाच्या बाजूने झाला. मंडळाने मोदकांचे काम दुसरीकडे दिले, नैवेद्याचे एकवीस मात्र आनंदाने स्वीकारले आणि बक्षिसांचे त्या वर्षी काही ठरले नाही.

त्या एकवीस मोदकांची कृती सांगण्याजोगी आहे. उकडीच्या मोदकातले ओल्या नारळाचे व गुळाचे सारण चॉकलेटच्या कवचात घालता येत नाही, कारण त्यातील ओलाव्यामुळे ते एक-दोन दिवसांतच आंबते. वहिनींनी तळणीच्या मोदकाचे सारण घेतले : किसून भाजलेले सुके खोबरे, खसखस, वेलदोडा आणि पिठीसाखर. पातळ, टेंपर केलेले कवच, आत हे कोरडे सारण आणि तळाशी पुन्हा चॉकलेटचा थर. माझ्या मते या वर्षभरातील सर्वांत नेमका पदार्थ हाच होता.

स्टॉलचे दहा दिवस

स्टॉलचा अनुभव कष्टाचा ठरला. संध्याकाळी सातनंतर लोकांची रीघ लागत असे, पण ती देखावे पाहण्यासाठी. खांद्यावर मूल, हातात छत्री, पुढच्या मंडळाकडे जाण्याची घाई, आणि थांबलेच तर गरम मक्याचे कणीस किंवा भेळ. अशा वेळी 220 रुपयांचा बार घेऊन तो आणखी तीन तास खिशात किंवा पिशवीत सांभाळायचा, हे बहुतेकांना नको होते. चव पाहायला ठेवलेले तुकडे मात्र झपाट्याने संपत. “इतके कडू?” आणि “उपासाला चालते का?” हे दोन प्रश्न सर्वाधिक आले. दुसऱ्या प्रश्नावर वहिनींनी ठरवलेले उत्तर मला योग्य वाटते : यात कोको आणि साखर एवढेच आहे, चालते की नाही हे तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे ठरवा.

चौथ्या दिवशी मांडवाचे तात्पुरते वीजजोड रात्री बंद पडले आणि कूलर सकाळपर्यंत बंद राहिला. बार मऊ झाले आणि वीज आल्यावर पुन्हा घट्ट झाले; पण टेंपर मोडल्यामुळे त्यांच्यावर करड्या-पांढऱ्या रेघा उठल्या. शिवाय दाखवण्यासाठी वेष्टन काढून ठेवलेले बार थंड कूलरमधून दमट हवेत आणताच त्यांवर दव जमले, साखर त्यात विरघळून पृष्ठभागावर पुन्हा जमली आणि खरखरीत पांढरा थर तयार झाला. पहिल्या प्रकाराला फॅट ब्लूम आणि दुसऱ्याला शुगर ब्लूम म्हणतात. ओले बोट फिरवल्यावर थर विरघळला तर तो साखरेचा, आणि बोटाच्या उबेने चिकट होऊन नाहीसा झाला तर तो स्निग्धांशाचा, अशी साधी ओळख आहे. दोन्ही खाण्यास अपायकारक नाहीत. तरीही येणाऱ्याला ती बुरशीच वाटते, आणि उत्सवाच्या रस्त्यावर त्याला स्फटिकांचे शास्त्र समजावून सांगण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. वहिनींनी तो सारा माल विक्रीतून काढला आणि घरी नेऊन पुन्हा वितळवला. पैशाचे नुकसान मर्यादित राहिले, तरी दोन दिवसांचे श्रम गेले.

याच काळात सोसायटीच्या आनंदमेळ्यात एका संध्याकाळी लावलेल्या टेबलावर वेगळे दृश्य होते. तिथे क्लबहाऊसमध्ये छप्पर होते, पंखे होते, भाडे नाममात्र होते आणि लोक एकमेकांच्या ओळखीचे होते. विक्री फार झाली नाही, पण अनेक बायकांनी भाऊबिजेला भावासाठी आणि दिवाळीत ऑफिसातल्यांना देण्यासाठी डबे करून मिळतील का, अशी विचारणा केली. भावजींनी त्यांची नावे एका वहीत उतरवून घेतली.

हिशेब मांडल्यावर

अनंत चतुर्दशीनंतर दोघांनी हिशेब केला. स्टॉलच्या विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भाड्यात गेला होता. कूलर, चवीचे तुकडे आणि ब्लूम आलेला माल धरल्यास हाती उणेच राहिले. अशा गणिताची पद्धत उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा भाडे 6,000 रुपये आहे आणि 220 रुपयांच्या बारमागे कच्चा माल, कागद व मजुरीचे 160 रुपये वजा जाता 60 रुपये सुटतात, तर पहिले शंभर बार केवळ भाड्यासाठी विकले जातात. चवीसाठी रोज चार बार फोडले तर त्यांचे 640 रुपये भरून काढायला रोज आणखी अकरा बार लागतात. स्टॉल घेण्याआधी हे गणित एका कागदावर दहा मिनिटांत होते, आणि ते केल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये, असे माझे ठाम मत आहे.

याउलट आनंदमेळ्यातील वहीत उतरवलेल्या नावांपैकी निम्म्याहून अधिक घरांनी दिवाळीसाठी डबे मागवले, तेही आगाऊ पैसे देऊन. इथे वहिनींच्या लक्षात जी गोष्ट आली ती या प्रकरणाचा गाभा आहे. रस्त्यावरच्या माणसाला कोणाला काही द्यायचे नव्हते. तो स्वतःच्या आनंदासाठी फिरायला आला होता. दिवाळीचा डबा मागवणाऱ्या बाईला मात्र कोणाला तरी काहीतरी द्यायचेच होते, आणि ते नेहमीपेक्षा निराळे, सांगण्याजोगे असावे अशी तिची इच्छा होती. आपले सण देण्याघेण्याने भरलेले आहेत : प्रसाद, वाण, ओवाळणी, दिवाळीची भेट, स्पर्धेचे बक्षीस. महाग आणि नाजूक मालाने गर्दीच्या मागे न जाता या रीतींच्या मागे जावे, असे त्यांनी ठरवले.

निर्णय लगेच पूर्णपणे अमलात आला नाही. दिवाळीपूर्व प्रदर्शनाचे पैसे आधीच भरले होते आणि ते परत मिळणार नव्हते. भरलेले पैसे विसरून ते दिवस डबे करण्यात घालवावेत, असे वहिनींना वाटत होते. भावजी प्रदर्शनाला गेले. ऑक्टोबरच्या उकाड्यात सभागृहाची वातानुकूलन यंत्रणा मांडामांडीच्या वेळी बंद होती. या वेळी माल जेल पॅक घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत, वेष्टनासह नेला होता आणि पेटी उघडण्याआधी आतला माल सभोवतालच्या तापमानाला हळूहळू येऊ दिला होता, त्यामुळे दव पडले नाही. विक्री खर्च निघेल एवढी झाली.

डिसेंबरची जत्रा

पुण्यात बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची पवनाथडी जत्रा यांसारख्या उपक्रमांनी महिला बचत गटांच्या मालाला मोठे व्यासपीठ दिले आहे. अशाच स्वरूपाच्या एका लहान जत्रेत वहिनींना स्वतंत्र जागा मिळाली नाही, कारण प्राधान्य बचत गटांना होते. त्यांनी एका गटाबरोबर अर्धा स्टॉल वाटून घेतला. गटाकडे मांडे आणि चटण्या होत्या, वहिनींकडे दुधात उकळलेला गरम कोको.

ही निवड विचारपूर्वक होती. थंडीतल्या संध्याकाळी वितळण्याची भीती नाही; आणि इथे आलेला माणूस खाण्यापिण्यासाठीच आलेला असतो, म्हणून त्याला उभ्या उभ्या संपवता येईल असे काही द्यावे. एक कप पिऊन झाल्यावर अनेकांनी भुकटीचे पाकीट घरी नेले. पेय बनवून देणे हा निराळा व्यवहार असल्याने अन्न नोंदणीत त्याचा समावेश आहे का, हे वहिनींनी आधी तपासून घेतले होते आणि नोंदणी क्रमांक स्टॉलवर लावला होता. अशा तपासणीला लहान उत्पादक फार वेळा कंटाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

संक्रांतीचे वाण

जानेवारीत जे घडले ते मला या वर्षातील सर्वांत मोलाचे वाटते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते आणि प्रत्येक घरातून तीस-चाळीस वाणे दिली जातात. हवा थंड, संख्या आधी ठरलेली, पैसे आगाऊ, भाडे शून्य आणि माल थेट घरात पोहोचणारा. सोसायटीच्या महिला मंडळातील एका ज्येष्ठ काकूंनीच ही कल्पना मांडली. त्यांचा आग्रह एकच होता : “वाण परवडणारे हवे, आणि त्यात तीळगूळ हवाच.”

तीळ सोपे होते, गूळ अवघड. गुळात ओलावा असतो आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडेसे पाणी गेले तरी ते घट्ट, रवाळ गोळा होऊन बसते. वहिनींनी आधी किसलेला गूळ घालून पाहिला आणि घाणा वाया गेला. मग त्यांनी गूळ चॉकलेटमध्ये घालण्याचा विचारच सोडला. भाजलेले तीळ आणि कोकोच्या बियांचे भाजलेले तुकडे गुळाच्या पक्क्या पाकात घालून पातळ वडी थापली आणि ती पूर्ण थंड व कोरडी झाल्यावर तिची एक बाजू चॉकलेटमध्ये बुडवली. चिकीचा कुरकुरीतपणा, तिळाचा खमंगपणा आणि कोकोचा कडवटपणा एकत्र आला, आणि चॉकलेट थोडेच लागत असल्यामुळे वाणाची किंमत काकूंच्या मर्यादेत बसली. प्रत्येक पुडीवर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक, हिरवे चिन्ह आणि तीळ असल्याची सूचना छापली होती. तिळाची अ‍ॅलर्जी असणारी माणसे असतात, आणि वाणाची पुडी कोणाच्या हातात जाईल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

वहिनींना काही घरांनी हळदीकुंकवालाच बोलावले. त्या सोबत भाजलेल्या बिया घेऊन जात, त्या हातात देत, टरफल सोलायला लावत आणि तुकडा तोंडात टाकायला सांगत. गणपतीच्या रस्त्यावर जे सांगायला वेळ नव्हता ते दिवाणखान्यात सहज सांगून झाले. ‘इतके कडू?’ हा प्रश्न इथेही आला. पण विचारणारी बसलेली होती आणि उत्तर ऐकून घेत होती.

उन्हाळ्यातील निर्णय

एप्रिल-मेमध्ये आंबा आणि खाद्य महोत्सवांची निमंत्रणे आली. वाळवलेल्या हापूसचा बार तयार असल्याने भावजींना मोह होता. पुण्याचे दुपारचे तापमान त्या दिवसांत 38 अंशांच्या पुढे जाते, हे लक्षात घेऊन दोघांनी सगळी निमंत्रणे नाकारली. त्याऐवजी सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात मुलांसाठी एक सत्र घेतले : कढईत बिया भाजणे, सोलणे, खलबत्त्यात कुटणे आणि शेवटी खोलीत तयार केलेल्या चॉकलेटची चव. प्रत्येक मुलामागे शुल्क होते. उत्पन्न लहान होते, परंतु त्यात वाया जाणारा माल नव्हता.

दुसरा गणेशोत्सव

ऑगस्ट 2025 मध्ये त्याच मंडळाने पुन्हा संपर्क केला. नैवेद्याचे एकवीस मोदक कार्यकर्त्यांच्या लक्षात राहिले होते. हजार मोदकांचा विषय या वेळी निघालाच नाही; चित्रकला आणि वक्तृत्व स्पर्धेतील सर्व सहभागी मुलांना लहान बार द्यावेत असे मंडळाने ठरवले होते आणि दर रास्त होता. वहिनींनी दहा दिवसांचा स्टॉल घेतला नाही. आनंदमेळ्याची एक संध्याकाळ मात्र ठेवली, आणि तिथे विक्रीपेक्षा दिवाळीच्या मागणीची नोंद घेण्यावर भर दिला.

परिणाम

वर्षाअखेर उत्सवी काळातील उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग आगाऊ मागणीतून आला होता, तर स्टॉलचा वाटा कमी होऊन त्यावरचा खर्च त्याहून अधिक प्रमाणात घटला. परत वितळवावा लागणारा माल नगण्य राहिला. दुसऱ्या बाजूला, उन्हाळ्याचे तीन महिने खोलीचे भाडे आणि विजेचे बिल जवळजवळ रिकाम्या हाताने भरावे लागले आणि त्यावर समाधानकारक उपाय अद्याप निघालेला नाही. शिबिराच्या उत्पन्नाने तो खड्डा भरत नाही. तसेच ओळखीच्या वर्तुळावर एवढे अवलंबून राहिल्याने नवे ग्राहक त्या दोन-तीन सोसायट्यांच्या बाहेरून फारसे आले नाहीत. नव्या ग्राहकांसाठी गर्दीत जायला हवे, हा भावजींचा मूळ विचार या अर्थाने खरा होता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या वर्षी दहा दिवसांऐवजी दोन-तीन संध्याकाळींसाठी जागा मागून पाहता आली असती. अनेक आयोजक शेवटच्या आठवड्यात रिकाम्या जागा तशा देतात. स्टॉल घेतलाच तर तिथे बार विकण्याऐवजी फक्त चव देऊन मागणी नोंदवायची आणि माल दुसऱ्या दिवशी घरपोच द्यायचा, हाही मार्ग होता. त्यामुळे कूलर लागला नसता आणि ब्लूमचा प्रश्न उद्भवला नसता. नाव आणि दूरध्वनी लिहून घेणारी भावजींची वही आनंदमेळ्यात योगायोगाने आली. ती रस्त्यावरच्या स्टॉलवर पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

मंडळाला नकार देण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो, मात्र तो देताना बक्षिसांचा प्रस्ताव तोंडी राहिला. दर, वजन आणि नमुना यांसह तो लेखी दिला असता तर कदाचित पहिल्याच वर्षी काम मिळाले असते. वाणाची मागणीही संक्रांतीच्या तोंडावर आल्याने गुळाचे प्रयोग घाईत झाले. पुढच्या वर्षीसाठी नमुने दिवाळीनंतर लगेच महिला मंडळांकडे न्यायचे, आणि लगतच्या नसलेल्या दोन उपनगरांतही न्यायचे, असे आता ठरले आहे.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. हिंजवडीतील दोन कार्यालयांनी दिवाळी भेटींसाठी विचारणा केली असून त्यांना जीएसटीचे बिल हवे आहे. वहिनींची उलाढाल नोंदणी बंधनकारक करणाऱ्या 40 लाखांच्या मर्यादेच्या बरीच खाली असल्याने आजवर नोंदणी केलेली नाही. चॉकलेटवरील कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आल्यामुळे स्वेच्छेने नोंदणी केल्यास किमतीवर पूर्वीइतका भार पडणार नाही. पण दरमहा किंवा तिमाही विवरणपत्रे भरण्याचे काम आणि हिशेबनिसाचा खर्च कायमचा मागे लागेल. भावजी नोंदणीच्या बाजूने आहेत. कार्यालयांची मागणी किती वर्षे टिकेल याचा अंदाज आल्याशिवाय वहिनी तयार नाहीत, आणि त्यांनी दोन्ही कार्यालयांकडे गेल्या वर्षीच्या भेटींची संख्या आणि दर यांची माहिती मागितली आहे.